विश्लेषण : परदेशातील बाळ दत्तक घेऊन घरी आणायचे, तर आधी कागद की आधी तिकीट?

अमेरिकेत जन्मलेल्या नातेवाइकांच्या मुलाला दत्तक घेऊ द्यावे, ही एका भारतीय दाम्पत्याची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. मूल काही महिन्यांचे असताना भारतात आणले गेले आणि तेव्हापासून ते याच दाम्पत्याकडे वाढत आहे. तरीही कायद्याच्या नजरेत ते त्यांचे नाही. परदेशातून बाळ घरी आणणे ही भावनेची बाब वाटत असली, तरी विमानाचे तिकीट काढण्याआधी कागदांचा मोठा प्रवास करावा लागतो. हा प्रवास कसा होतो, तो इतका कडक का ठेवला आहे आणि कायद्यात त्रुटी कुठे आहे, याचा हा आढावा.

प्रकरण नेमके काय?

मुलाचा जन्म २०१९ मध्ये अमेरिकेत झाला. तिथे जन्मल्यामुळे ते जन्माने अमेरिकी नागरिक ठरले आणि त्याला अमेरिकेचा पासपोर्ट मिळाला. पुढे त्याला भारतात आणण्यात आले. येथील नातेवाईक दाम्पत्याने त्याला दत्तक घेण्याचे ठरवले, तेव्हा ‘कारा’ अर्थात केंद्रीय दत्तकग्रहण संसाधन प्राधिकरणाकडे भावी दत्तक पालक म्हणून नोंदणी होईना. त्यामुळे दाम्पत्याने उच्च न्यायालयात धाव घेतली.

बाल न्याय कायदा आणि त्याखालील दत्तक नियम हे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याशी संघर्षात सापडलेल्या मुलांसाठी आहेत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. हे मूल या दोन्ही गटांत बसत नाही. नात्यातले असले तरी परदेशी नागरिकत्व असलेल्या अशा मुलाला या कायद्याखाली दत्तक घेण्याची तरतूद नाही, आणि ते दत्तक घेण्याचा मूलभूत हक्कही दाम्पत्याला नाही. आधी अमेरिकेच्या कायद्यानुसार दत्तकविधान पूर्ण करावे, त्यानंतर दत्तक घेतलेले परदेशी मूल भारतात आणण्याची पुढील प्रक्रिया करावी, असा मार्ग न्यायालयाने दाखवला.

कायद्याच्या चौकटीत पाहिले तर निकाल सुसंगत आहे. पण जे मूल बोलायला, चालायला इथेच शिकले, त्याच्यासाठी हा क्रम उलटा फिरवायचा म्हणजे काय, याचे उत्तर कायद्यात सापडत नाही.

‘घरातल्या घरात’ दत्तक का चालत नाही?

मराठी कुटुंबांत नात्यातले मूल दत्तक घेण्याची परंपरा जुनी आहे. भावाला तीन मुले आणि बहिणीला एकही नाही, अशा वेळी वडीलधाऱ्यांच्या साक्षीने मूल ‘दिले’ जाई. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ ने या प्रथेला कायद्याचे रूप दिले. या कायद्यानुसार हिंदूंमध्ये साधारणपणे १५ वर्षांखालील मूल दत्तक घेता येते. देणाऱ्याने प्रत्यक्ष देणे आणि घेणाऱ्याने प्रत्यक्ष घेणे हा त्याचा गाभा आहे. दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेले दत्तकपत्र असेल, तर दत्तकविधान वैध झाले असे न्यायालय गृहीत धरते.

गल्लत इथेच होते. दत्तकपत्र नोंदवले म्हणजे काम झाले, असे अनेक कुटुंबांना वाटते. सीमेच्या आत ते बहुतांशी खरे असते. मात्र दोन देश आले की दत्तकपत्रावर फक्त दोन कुटुंबांच्या सह्या असून भागत नाही. मूल ज्या देशातून निघणार आणि ज्या देशात राहणार, त्या दोन्ही सरकारांची संमती लागते. अमेरिकेतील मराठी दाम्पत्याने पुण्यातील बहिणीचे मूल केवळ दत्तकपत्राच्या आधारे नेण्याचे ठरवले, तर वकिलातीत व्हिसाच्या खिडकीपाशी अडचण उभी राहते. अशा प्रकरणांची संख्या पाहून २०२१ मध्ये नियमांत बदल झाला. हिंदू कायद्याखाली झालेल्या दत्तकविधानानंतर मूल परदेशी नेण्यासाठी ‘कारा’चे ना हरकत प्रमाणपत्र मिळवण्याची सोय तेव्हा करण्यात आली.

दुसरा कायदा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) कायदा, २०१५. तो सर्व धर्मीयांना लागू आहे. अनाथ, सोडून दिलेल्या आणि पालकांनी रीतसर स्वाधीन केलेल्या मुलांबरोबरच नात्यातील दत्तकविधानही त्यात येते. ‘नातेवाईक’ कोण, हेही हा कायदा सांगतो : काका किंवा आत्या, मामा किंवा मावशी आणि दोन्ही बाजूंचे आजी-आजोबा. आपल्याकडे ‘चुलत’ आणि ‘सख्खे’ यांत फरक करणे वाईट मानतात. कायदा मात्र तो करतो. चुलतभावाचे मूल या व्याख्येत बसत नाही.

हेग करार काय सांगतो?

आंतरदेशीय दत्तकविधानासाठी १९९३ मध्ये हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला. अमेरिकेत तो १ एप्रिल २००८ पासून लागू झाला. करारानुसार प्रत्येक देशात एक मध्यवर्ती प्राधिकरण असते. भारतात ते ‘कारा’ आहे, अमेरिकेत परराष्ट्र खाते.

करारातील तीन कलमे पालकांनी नावाने लक्षात ठेवावीत. कलम ५ : मूल स्वीकारणारा देश सांगतो की हे पालक पात्र आहेत आणि मुलाला तिथे येऊन कायम राहता येईल. कलम १७ : दोन्ही देशांची प्राधिकरणे हे दत्तकविधान पुढे जाऊ द्यावे यावर सहमत होतात. कलम २३ : दत्तकविधान करारानुसार झाल्याचे प्रमाणपत्र. हे एकदा मिळाले की करारातील इतर देशांत त्या दत्तकविधानाला आपोआप मान्यता मिळते. कलम ५ आणि १७ ची कामे मूल हलवण्याच्या आधीची आहेत. मूल आधी आणले आणि कागद नंतर करायला घेतले की संपूर्ण रचनाच कोलमडते.

आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. हा करार मुलाच्या पासपोर्टवर चालत नाही. मूल नेहमी कुठे राहते आणि दत्तक घेणारे पालक नेहमी कुठे राहतात, यावर तो चालतो. जन्माने अमेरिकी, पण अनेक वर्षे महाराष्ट्रात राहिलेले मूल कोणत्या देशाचे रहिवासी मानायचे, हा प्रश्न त्यामुळे केवळ तांत्रिक राहत नाही.

परदेशातून मूल आणण्याचा योग्य क्रम कोणता?

भारतीय नागरिकांनी परदेशातून मूल दत्तक घेण्याबाबत दत्तक नियम, २०२२ मध्ये मोजक्याच ओळी आहेत. त्यांचा सारांश असा : मूल ज्या देशात आहे तेथील कायद्यानुसार दत्तकविधान प्रथम तिथेच पूर्ण करायचे. भारत हा स्वीकारणारा देश असल्याने कलम ५ व १७ नुसारची मान्यता ‘कारा’ देईल. मुलाकडे परदेशी पासपोर्ट असेल, तर भारतात येण्यासाठी तेथील भारतीय दूतावासाकडे व्हिसासाठी अर्ज करायचा. इमिग्रेशनची परवानगी दूतावासामार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाच्या परदेशी नागरिक विभागाकडून घ्यायची.

प्रत्यक्षात याचा अर्थ बराच मोठा होतो. भारतातील पालकांचा गृह अध्ययन अहवाल तयार करून घ्यावा लागतो. त्यात उत्पन्न, आरोग्य, घरातील माणसे, पोलीस पडताळणी असे सारे येते. अमेरिकेत दत्तकाचा आदेश राज्याच्या न्यायालयाकडून मिळतो. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असतो आणि काही राज्यांत दत्तक घेणाऱ्याने तिथे ठरावीक काळ राहिले पाहिजे, अशी अट असते. जन्मदात्या आईवडिलांची संमती तेथील पद्धतीने नोंदवावी लागते. आदेश झाल्यावर मुलाचा सुधारित जन्मदाखला निघतो. तो आणि न्यायालयाचा आदेश भारतात वापरण्यासाठी दोन्हींवर ‘अपोस्टिल’ शिक्का लागतो. नंतर पासपोर्ट, मग व्हिसा आणि सर्वांत शेवटी तिकीट.

या क्रमाला महिने लागतात. नात्यातल्या बाळाला आजीच्या मांडीवर देऊन भारतात पाठवायला एक दिवस पुरतो. कुटुंबे दुसरा मार्ग का निवडतात, हे समजण्यासारखे आहे. त्याची किंमत मात्र पुढे मूल मोजते.

ही किंमत म्हणजे नेमके काय?

पहिला प्रश्न पासपोर्टचा. १६ वर्षांखालील मुलाचा अमेरिकी पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि तो नव्याने काढताना कायदेशीर आईवडील अशा दोघांचीही संमती लागते. दत्तकविधान झालेले नसेल, तर ‘कायदेशीर आईवडील’ हजारो मैल दूर असतात. जे सांभाळतात, त्यांची सही चालत नाही.

दुसरा प्रश्न राहण्याचा. परदेशी मूल भारतात व्हिसावर किंवा ओसीआय कार्डावर राहते. व्हिसाला मुदत असते. ओसीआय कार्ड आयुष्यभर चालते, पण ते नागरिकत्व नव्हे. ओसीआयधारकाला मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि वैद्यकीय प्रवेशासारख्या ठिकाणी २०२१ च्या अधिसूचनेने त्यांना अनिवासी भारतीयांच्या जागांपुरते मर्यादित केले आहे. आज मांडीवर असलेल्या बाळाबाबत हे दूरचे वाटते. अठराव्या वर्षी ते अगदी जवळ येते.

तिसरा प्रश्न रोजच्या जगण्यातला. शाळेच्या दाखल्यावर आईवडील म्हणून कोणाची नावे, शस्त्रक्रियेआधी संमतीपत्रावर सही कोणाची, वारसा हक्क कोणाकडून? सांभाळणारे पालक उद्या नसले तर मुलाचे काय? दत्तकविधान पूर्ण नसताना या प्रत्येक ठिकाणी कोणाच्या तरी समजूतदारपणावर अवलंबून राहावे लागते.

एक संधी जन्मानंतर लगेच असते, ती फार थोड्यांना ठाऊक असते. भारतीय नागरिक असलेल्या आईवडिलांचे मूल परदेशात जन्मले, तर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याच्या जन्माची नोंद करून वंशपरंपरेने भारतीय नागरिकत्व मिळवता येते. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे पालकांना जाहीर करावे लागते. अमेरिकेचा पासपोर्ट एकदा काढला की हा दरवाजा बंद होतो. बहुतेक कुटुंबे मूल भारतात पाठवण्याच्या घाईत तोच पासपोर्ट आधी काढतात.

विमानात बसण्यापूर्वी हाती काय हवे?

दत्तक आदेशाची प्रमाणित प्रत, कलम २३ चे प्रमाणपत्र, सुधारित जन्मदाखला, मुलाचा पासपोर्ट व भारतीय व्हिसा, जन्मदात्यांच्या संमतीची प्रत, लसीकरणाची नोंद आणि डॉक्टरांचा अहवाल. हे सारे हातातल्या पिशवीत ठेवावे. सामानात टाकलेला कागद इमिग्रेशनच्या खिडकीपाशी कामाचा नसतो. पालकांचे आणि बाळाचे आडनाव किंवा नागरिकत्व वेगळे असल्यास विचारणा होऊ शकते. त्या वेळी आदेशाची प्रत पुढे केली की बोलणे थोडक्यात आटोपते. दोघांपैकी एकच पालक बाळासोबत येणार असेल, तर दुसऱ्याचे संमतीपत्र सोबत असावे.

दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसून प्रवास करू शकते, पण त्याचे तिकीट काढावेच लागते. अगदी नवजात बाळासाठी विमान कंपन्यांच्या अटी वेगवेगळ्या असतात आणि डॉक्टरांचा दाखला मागितला जातो. लांबच्या प्रवासात पुढच्या भिंतीलगतच्या आसनांसमोर बाळासाठी पाळणा लावता येतो. तो आधी नोंदवावा लागतो आणि त्याला वजनाची मर्यादा असते. उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी बाळाला दूध पाजले, तर कानावरचा दाब कमी जाणवतो. बाळाच्या दुधाला सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थांच्या मर्यादेतून सूट असते.

नवे दत्तक पालक एक गोष्ट विसरतात. त्यांच्या आनंदाचा हा दिवस बाळासाठी ताटातुटीचा असतो. ओळखीचा वास, आवाज आणि हात एका दिवसात बदलतात. म्हणून शक्य असेल तर प्रवासाआधी काही दिवस बाळासोबत त्याच जागी राहावे, दुधाची तीच पावडर वापरावी, अंगावरचे नेहमीचे दुपटे न धुता सोबत घ्यावे. विमानतळावर स्वागताला वीस माणसे आणि फुगे नसले तरी चालते. पहिले काही आठवडे बाळाला दोनच चेहरे पुरतात.

विमान उतरले की मूल नागरिक होते का?

अमेरिकेत याचे उत्तर २००१ पासून बहुतांशी ‘होय’ असे आहे. तेथील ‘चाइल्ड सिटिझनशिप अॅक्ट, २०००’ हा कायदा २७ फेब्रुवारी २००१ रोजी लागू झाला. दत्तकविधान परदेशात पूर्ण झालेले अल्पवयीन मूल कायम रहिवासाच्या व्हिसावर पालकांसोबत अमेरिकेत उतरले, की ते नागरिक ठरते. पण त्या तारखेला ज्यांचे वय १८ किंवा त्याहून अधिक होते, त्यांना हा लाभ मिळाला नाही. त्यांच्या दत्तक पालकांनी नागरिकत्वाचा अर्ज केलाच नसेल, तर ती माणसे परदेशीच राहिली.

मुंबईलाही याची झळ लागली आहे. १९८९ मध्ये बालपणी येथून अमेरिकेत दत्तक गेलेल्या एका स्त्रीला २००८ मध्ये, गुन्ह्यात दोषी ठरल्यानंतर, भारतात पाठवण्यात आले. तिच्या नागरिकत्वाची प्रक्रिया कोणी पूर्णच केली नव्हती. नवरा आणि मुले अमेरिकेत, ती इथे, आणि इथली भाषाही तिला येत नव्हती. तिने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. तिच्या दत्तकविधानाच्या वेळी विमान वेळेवर सुटले होते, कागदही होते. फक्त शेवटचा एक कागद राहून गेला होता.

भारतात उलट दिशेने येणाऱ्या मुलासाठी आजही असा आपोआप लागू होणारा नियम नाही. भारतीय पालकांनी परदेशी मूल दत्तक घेतले म्हणून ते भारतीय नागरिक होत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ५ खाली नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. निर्णय केंद्र सरकारचा असतो.

एवढी कडक तपासणी कशासाठी?

दत्तकविधानाचा इतिहास विमानांशी जोडलेला आहे आणि तो सगळाच सुखाचा नाही. व्हिएतनाम युद्धाच्या अखेरीस एप्रिल १९७५ मध्ये अमेरिकेने ‘ऑपरेशन बेबीलिफ्ट’ राबवून हजारो मुले बाहेर काढली. ४ एप्रिलला सायगावहून उडालेले पहिले लष्करी विमान कोसळले. त्यात १३८ जण मृत्युमुखी पडले, त्यांपैकी ७८ मुले होती. वाचलेल्या आणि नंतरच्या विमानांतून गेलेल्या मुलांपैकी सगळीच अनाथ होती का, हा प्रश्न पुढे अमेरिकी न्यायालयात गेला.

ऑक्टोबर २००७ मध्ये एका फ्रेंच संस्थेने चाड या देशातून १०३ मुले विमानाने फ्रान्सला नेण्याची तयारी केली होती. ती दारफूरची अनाथ मुले असल्याचे सांगण्यात आले. प्रत्यक्षात बहुतेकांचे पालक जिवंत होते आणि ती चाडचीच होती. उड्डाणाआधीच संस्थेच्या लोकांना अटक झाली. दक्षिण कोरियातून अनेक दशके विमानाने परदेशी गेलेल्या मुलांच्या नोंदी बदलल्या गेल्याचे आणि सरकार देखरेखीत कमी पडल्याचे तेथील सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये मान्य केले. चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तकविधान जवळपास बंद केले, फक्त जवळच्या नात्यातील आणि सावत्र मुलांचा अपवाद ठेवला. नेदरलँड्सनेही ते टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरवले आहे. अमेरिकेत २००४ मध्ये परदेशातून सुमारे २३ हजार मुले दत्तक आली होती. २०२३ मध्ये ही संख्या तेराशेच्याही आत आली.

भारताचा अनुभव वेगळा नाही. परदेशी दत्तकाच्या नावाखाली चाललेल्या गैरप्रकारांबाबत वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर न्या. पी. एन. भगवती यांनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी सविस्तर निकाल देऊन मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. आधी देशात पालक शोधा, मगच परदेशी पालकांचा विचार करा, हे त्यातले मुख्य सूत्र होते. १९९० मध्ये स्थापन झालेली ‘कारा’ हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल.

दत्तकविधानाने आयुष्ये घडतात, हेही तितकेच खरे. ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची माजी कर्णधार लिसा स्थळेकर १९७९ मध्ये पुण्यात जन्मली आणि अवघ्या काही आठवड्यांची असताना तेथूनच दत्तक गेली. कडक नियमांचा हेतू अशी दत्तकविधाने थांबवणे हा नाही. मूल कोणाचे, कोणाच्या संमतीने आणि कोणाकडे निघाले, हे विमानाचे दार बंद होण्याआधी कोणीतरी तपासलेले असावे, एवढाच आहे.

मग त्रुटी कुठे आहे?

भारतातून बाहेर जाणाऱ्या मुलाची वाट आज बरीच स्पष्ट आहे. परदेशी पालक त्यांच्या देशातील मान्यताप्राप्त संस्थेमार्फत येतात, ‘कारा’ ना हरकत प्रमाणपत्र देते, दत्तक आदेश होतो, कलम २३ चे प्रमाणपत्र निघते, पासपोर्टसाठीही मुदत ठरलेली आहे. मूल गेल्यावर दोन वर्षे त्याच्या प्रगतीचे अहवाल येतात. परदेशात राहणाऱ्या काका-मामांना भारतातले भाचा-पुतणी दत्तक घ्यायची असेल, तर बाल न्याय कायद्यात कलम ६० आहे. २०२४-२५ या वर्षात देशात ४,५१५ दत्तकविधाने झाली. त्यांपैकी ४,१५५ देशांतर्गत होती. उरलेली मुले परदेशी गेली, ती या ठरलेल्या वाटेने.

आत येणाऱ्या मुलासाठी मात्र नियमांतील त्या मोजक्या ओळींपलीकडे काही नाही. नात्यातील मुलासाठी कलम ६० सारखी उलट दिशेची तरतूद नाही. मुदती नाहीत. मूल आधीच भारतात असेल तर काय करायचे, यावर एक शब्द नाही. ज्या काळात हे कायदे लिहिले गेले, तेव्हा मुले इथून बाहेर जात. आज लाखो भारतीय कुटुंबे दोन देशांत विभागलेली आहेत. भावाचे मूल न्यू जर्सीत जन्मते आणि ते आपले मानणारी भावजय नाशिकमध्ये असते. कायदा या वस्तुस्थितीच्या मागे राहिला आहे.

सूट दिली तर मुलांच्या तस्करीला वाट मिळेल, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो गंभीर आहे. पण बाहेर जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत नाते, संमती आणि पालकांची पात्रता सरकार तपासू शकते, तर आत येणाऱ्या मुलाच्या बाबतीतही तपासू शकते. यंत्रणा तीच आहे : जिल्हा बाल संरक्षण कक्ष, जिल्हा दंडाधिकारी, ‘कारा’. इथे सूट मागितलेली नाही, तपासणीची ठरलेली वाट मागितली आहे. वाट नसली की लोक आडवाटेने जातात आणि तिथे कोणाचीच तपासणी होत नाही.

काय करता येईल?

नात्यातील मूल परदेशातून दत्तक घेण्यासाठी दत्तक नियमांत स्वतंत्र प्रकरण असावे. त्यात कागद, अधिकारी आणि प्रत्येक टप्प्याची मुदत लिहिलेली असावी. परदेशातील भारतीय वकिलातींनी बाळाच्या पासपोर्ट किंवा ओसीआयसाठी येणाऱ्या पालकांना जन्मनोंदणीची एक वर्षाची मुदत आणि दत्तकाचा क्रम सांगणारे एक पान दिले, तरी अनेक कुटुंबे चुकीच्या वाटेने जाणार नाहीत.

जी मुले आधीच इथे वाढत आहेत, त्यांच्यासाठी वेगळा विचार हवा. हेग करार मुलाच्या नेहमीच्या निवासाला महत्त्व देतो. तो आधार घेऊन दोन्ही देशांच्या प्राधिकरणांनी सहमतीने, मुलाला पुन्हा समुद्रापार न नेता, चौकशी करून दत्तकविधान पूर्ण करण्याची सोय केली पाहिजे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला केवळ कागदाचा क्रम सुधारण्यासाठी अनोळखी देशात महिनोन्महिने ठेवणे त्याच्या हिताचे नाही. ‘मुलाचे सर्वोत्तम हित’ हे तत्त्व बाल न्याय कायद्यानेच पायाभूत मानले आहे.

चौथी गोष्ट नागरिकत्वाची. करारानुसार पूर्ण झालेल्या दत्तकविधानानंतर भारतीय पालकांच्या मुलाची नागरिक म्हणून नोंदणी ठरावीक मुदतीत व्हावी. मुंबईतून १९८९ मध्ये गेलेल्या त्या मुलीच्या बाबतीत दुसऱ्या देशाने जे केले, ते भारताने कोणाच्या बाबतीत करू नये.

तोवर कुटुंबांच्या हाती एवढेच उरते : बाळाला विमानात बसवण्याआधी दोन्ही देशांचा कायदा जाणणाऱ्या वकिलाशी बोलावे, ‘कारा’ला लिहावे आणि कलम ५ व १७ ची पत्रे हाती येईपर्यंत थांबावे. आजी-आजोबांना ही वाट पाहणे जड जाईल. पण घरी आलेले मूल कायद्यानेही त्याच घरचे असेल, तर पुढची अठरा वर्षे त्याला कोणत्याही खिडकीपाशी आपण कोणाचे, हे सिद्ध करावे लागणार नाही.